नानांचा उपास

माझ्या वडिलांनी जन्मात एकच उपास केला, आणि तोही सकाळी दीड भाकर खाऊन. त्या भाकरीची मी साक्षीदार आहे, कारण ती मीच वाढली होती. सोबत ठेचा होता आणि दह्याची वाटी. दोन-अडीच तासांनी दोंडाईच्याच्या अलीकडच्या एका गावात, माझ्या नणंदेच्या सासरी, भरल्या ओसरीवर त्यांनी हात जोडले आणि आज आपला उपास आहे असं सांगितलं. माझ्या तोंडात तेव्हा घास होता. तो तसाच ठेवून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

आम्ही तिथे मोटरसायकल बघायला गेलो होतो. गाडी माझ्यासाठी होती.

मी नर्स आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर असते आणि चार गावं माझ्याकडे आहेत. नवरा जळगावला कारखान्यात, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो, त्यामुळे आठवडाभर माझी मीच. लसीकरणाच्या दिवशी खांद्याला लसीचा डबा लावून कधी दुधाच्या गाडीत, कधी शाळेच्या मास्तरांच्या मागे, आणि कोणीच नाही मिळालं तर पायी. आधी एक स्कूटी होती. नाल्यातले दगड पोटाला लागून लागून तिने शेवटी मान टाकली. आमच्या रस्त्यांना उंच गाडीच पाहिजे, गिअरची. ती मी नानांच्या शेतात शेजाऱ्याच्या गाडीवर चौदाव्या वर्षीच शिकले होते, त्यामुळे बाई माणूस मोटरसायकल चालवते म्हणून कोणी पारावर कुजबुजलं तर मी हॉर्न वाजवून पुढे जाते. नवी घेण्याची तेव्हा ऐपत नव्हती. म्हणून जुनी.

पण नोकरी हे निम्मंच कारण. उरलेलं निम्मं आई.

पंधरा वर्षांपूर्वी नानांनी जामनेरकडच्या त्यांच्या मावसभावाकडून एक जुनी मोटरसायकल आणली होती. चार महिन्यांनी बाजार करून परत येताना गाडी एकदम डाव्या अंगाला गेली आणि मागे बसलेली आई पडली. नानांना खरचटलं, आईचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, सळी टाकली, पण चाल कायमची बदलली. ‘खड्डा होता,’ असं नाना तेव्हा म्हणाले आणि घरात तीच गोष्ट राहिली. कोणी विचारलं की आम्ही पोरंही तेच सांगायचो, खड्डा होता. नानांनी ती गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली, त्यानंतर ते कधी गाडीवर बसले नाहीत, आणि आईसुद्धा नाही.

आईला दर महिन्याला धुळ्याला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जावं लागतं. ती एसटीने जाते. एसटीची पायरी चढताना ती दोन्ही हातांनी दांडा धरते, चांगला पाय आधी वर टाकते, आणि मग दुसरा पाय एखादं पोतं ओढावं तसा वर घेते. मागून लोक ‘चला ना बाई’ म्हणतात. हे बघून माझ्या डोक्यात तिडीक जाते. एकदा मी एका माणसाला असं काही बोलले होते की तो पुढच्या स्टॉपवर उतरला.

मला तिला माझ्या मागे बसवून न्यायचं होतं, दारापासून दवाखान्यापर्यंत. मी विचारायचे, “आई, गाडी लिन्ही तं बठशी ना?” ती म्हणायची, “देखूत.”

खानदेशात ‘देखूत’ म्हणजे काय ते ज्याचं त्याने ओळखावं. त्यात होकार नसतो आणि नकाराचा ठपकाही नसतो. वर्षभर मी विचारत होते आणि वर्षभर तेच उत्तर. मला वाटायचं, ती गाडीला घाबरते. चांगली गाडी दारात उभी राहिली की भीती जाईल.

वैशाखात, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन आठवडा झाला असेल, नणंदेने मोबाइलवर एक फोटो पाठवला. तिच्या दिराची मोटरसायकल. दिवाळीत पडली होती, पण सगळं नवीन टाकलंय, घरातल्या घरात द्यायची आहे म्हणून भाव कमी. फोटोतली गाडी नवरीसारखी उभी होती. मला ती लगेच माझी वाटायला लागली. मी नानांना म्हटलं, चला.

नानांनाच का, तेही सांगते. स्वतः गाडी चालवत नसले तरी जुनी गाडी पारखण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ही विद्या त्यांनी आईच्या पडण्यानंतर कमावली. धुळ्यात गॅरेजच्या फळीवर तासन्‌तास बसायचे, बघायचे, विचारायचे. मग लोक बोलवायला लागले. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की नाना टोपी घालून तयार. गावात थट्टा चालायची की हा बाबा घोड्यावर बसत नाही पण घोडे सगळे याच्याच हातून जातात. तिथे गेल्यावर नाना जेवतात की नाही, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

तर त्या ओसरीवर.

नणंदेच्या सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. त्यांनी आमच्यासाठी खापरावरचे मांडे केले होते. मांडे म्हणजे काय हे ज्याने केले त्यालाच कळतं: पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत परातीएवढा करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. चुलीपुढे वैशाखात. सोबत आमरस, रशी म्हणजे कटाची झणझणीत आमटी, कुरडया. आम्ही चप्पल काढत नाही तोच पाट मांडलेले.

नाना म्हणाले, “अक्का, पहिले गाडी देखी लेऊत.”

“पहिले जेवा भाऊ. गाडी कोठे पळी जाई ऱ्हायनी?”

मी तर बसलेच. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि मांड्याचा वास आला होता. नाना उभेच राहिले, आणि मग तो उपास निघाला.

“कसाना उपास?” अक्कांनी विचारलं.

“नवस शे एक.”

“मंग आमरस तं चालस.”

“नही.”

“चहा?”

“पानी बी नही, अक्का.”

अक्कांचा चेहरा उतरला. मला इतका राग आला की विचारू नका. मुलीचा बाप, मुलीच्या नणंदेच्या सासरी आलेला. तिथे त्याने मान खाली घालून वाढलेलं खायचं असतं, आणि हा माणूस धडधडीत खोटं बोलून ताटाला पाठ दाखवतोय. नणंद माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्या वाटणीचं मीच खाल्लं तर भरपाई होईल अशा हिशेबाने मी तीन मांडे खाल्ले. अक्का प्रेमाने वाढत होत्या आणि नाना अंगणात गाडीपुढे उकिडवे बसले होते.

नणंदेचा दीर भला माणूस. शेती करतो, हळू बोलतो. त्याने नानांना सांगितलं, “शेळी आडवी उनी, गाडी सरळ नालामा. पन बठ्ठं नवं टाकं.” आणि खरंच टाकलं होतं. हेडलाइट नवा, आरसे नवे, पुढचं मडगार्ड नवं, टाकी रंगवलेली.

नानांनी नव्या गोष्टींकडे बघितलंही नाही. त्यांनी आधी कागद घेतले आणि चेसिसवरचा नंबर अंगठ्याने पुसून ताडून बघितला. मग हँडल एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे शेवटपर्यंत वळवलं, आणि ते जिथे अडतं तिथे बोट घातलं. तिथे लोखंडाची एक छोटी गाठ असते; समोरून मार बसला की पहिली तीच चेपते. उजवीकडची चेपलेली होती. मग हँडलखालच्या गळ्यावरचा रंग बघितला. बाकी चेसिसवर सहा-सात वर्षांची धूळ आणि तेल बसलेलं, आणि गळा तेवढा काळा कुळकुळीत, नुकता रंगवलेला. त्यांनी खिशातून सुतळीचं गुंडाळं काढलं, एक टोक दिराच्या हातात दिलं, मागच्या चाकाला लावून पुढच्या चाकापर्यंत ताणलं. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. पुढचं टायर मागच्यापेक्षा बारीक असतं, त्यामुळे पुढे दोन्हीकडे सारखी फट राहायला पाहिजे. इथे एकीकडे सुतळी टायरला चिकटत होती आणि दुसरीकडे बोट जात होतं.

“सुतळी ढिली व्हई,” दीर म्हणाला.

“व्हई,” नाना म्हणाले. “मंग दुसरं करी देखूत.”

मी हात धुऊन बाहेर आले होते. नानांनी मला गाडीवर बसायला सांगितलं. घरामागून शेताकडे जाणारी गाडीवाट होती, वैशाखातला फुफाटा घोट्यापर्यंत. ते म्हणाले, त्या कडुनिंबाकडे डोळा ठेव, सरळ जा, हळू जा, हँडल हलवू नको.

मी गेले. गाडी एका किकमध्ये सुरू झाली होती, आवाज गोड होता. पण दहा-वीस पावलं गेल्यावर मला कळलं की कडुनिंबाकडे जायचं तर हँडल जरासं उजवीकडे धरून ठेवावं लागतंय. जरासंच. हात सोडला की ती डावीकडे निघायची. मला ते कळलं, हे मी इथे स्पष्ट लिहिते. झाडापाशी मी थांबले, वळले, परत आले, आणि ओसरीवर उभ्या असलेल्या अक्कांकडे बघत म्हटलं, “मस्त चालस!”

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच असावं.

दीर प्रामाणिक निघाला. तो म्हणाला, “जराशी डावा हातले ओढस. सवय हुई जास दोन दिनमा.”

“सवय हुईच जास भाऊ,” नाना म्हणाले. “तीच तं खराबी शे.”

मग ते फुफाट्यात गेले आणि वाकले. आम्ही सगळे मागोमाग, अक्कासुद्धा पदराने हात पुसत. मी जाताना उमटलेली चाकोरी तिथे होती. सरळ चालणाऱ्या गाडीचं मागचं चाक पुढच्याच्या वाटेवरून जातं, धुळीत एकच पट्टा दिसतो. इथे दोन होते. पुढच्या चाकाचा एक, आणि त्याला लागून दोन बोटं बाजूला मागच्या चाकाचा दुसरा, कडुनिंबापर्यंत शेजारी शेजारी. खोड असलेला बैल जसा तिरपा चालतो, तशी ती गाडी चालत होती. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसांना याहून जास्त समजावून सांगायला लागत नाही.

“देखा,” नाना म्हणाले. “पुढला चाकनी वाट येगळी, मागला चाकनी येगळी. चेसिस वाकेल शे भाऊ. हाई गाडी आम्ही लेवाव नही.”

 दीर खाली बघत होता. नणंदेचे डोळे भरल्यासारखे झाले, तिलाच ती लाज वाटली.  मी पुढे झाले आणि म्हणाले, “नाना, इतली बी काय ओढत नही.” नानांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. रागाने नाही. मला ते बघणं रागापेक्षा जड गेलं.

ते दिराला म्हणाले, “तुम्ही बी कोणले इकू नका. धुळाले चेसिस सरळ करतस, तठे लई जा. तवलगून मांगे कोणले बठाडू नका.”

तेवढ्यात अक्का बोलल्या. “म्हणजे हाई तिरपी गाडीवर बठीसन मी दर आठवडाले बजारले जास?” त्यांनी लेकाकडे मोर्चा वळवला. “तुले माहीत व्हतं का रे?”

“ओढस, इतलंच माहीत व्हतं माय.”

“ओढस म्हने! माले नालामा टाकीसन मंग समजतं का तुले?”

पुढचा पाच मिनिटांचा मार दिराने निमूटपणे खाल्ला, आणि त्या मारात आमच्या नकाराचं वाईट कुठल्या कुठे वाहून गेलं. अक्का शांत झाल्यावर नाना टोपी काढून ओसरीवर आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले.

“आते वाढा, अक्का. उपास सुटना.”

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “आसा उपास मी बी करसू आते,” त्या म्हणाल्या. नाना चार मांडे जेवले. वर वाटीभर आमरस मागून घेतला.

परत येताना फाट्यावर बसची वाट बघत आम्ही निंबाखाली बसलो होतो. माझं तोंड फुगलेलं होतं. गाडी हातची गेली होती, आणि पाहुण्यांपुढे मी खोटी पडले होते. नानांनी विचारलं, “ओढी ऱ्हायनी व्हती ना?”

“हा.”

“मंग बोलनी का बरं नही?”

मी खरं ते सांगितलं. “जेवेल व्हतू ना.”

नाना रस्त्याकडे बघत होते. “जामनेरले मी बी,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मावसभावाच्या घरी त्या दिवशी वरण-बट्टी होती, वांग्याचं भरीत होतं. भावजयीने आग्रह करकरून वाढलं. तृप्त होऊन उठले आणि मग गाडीवर एक चक्कर मारली. चक्कर मारतानाच हाताला कळलं की गाडी डावीकडे जाते. परत आले तर भाऊ हसत उभा, हातात विड्याचं पान. त्या तोंडावर काय सांगणार? ते म्हणाले, “चांगली शे,” आणि त्याच गाडीच्या मागे आईला चार महिने बसवलं. खड्डा नव्हताच. रस्ता चांगला होता. समोरून ट्रक आला, नानांनी एक हात सोडून टोपी सावरली, आणि गाडी गेली तिकडेच जिकडे ती पहिल्या दिवसापासून जायला बघत होती.

मी रागीट आहे हे एव्हाना कळलं असेल. पंधरा वर्षं आम्ही खड्ड्याला शिव्या दिल्या होत्या. मला आईची ती एसटीची पायरी दिसली आणि मी त्या फाट्यावर नानांना नको ते बोलले. ते ऐकत राहिले. शेवटी मी म्हटलं, हे आईला सांगा. ते म्हणाले, “कशी सांगू? पंधरा वरीस हुई गयात.”

आणि मग माझाच आवाज मला ऐकू आला, ‘मस्त चालस!’ त्याच गाडीवर मी महिन्याभरात आईला बसवणार होते. माझं ओरडणं तिथेच थांबलं. बस आली.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई अंगणात खाटेवर पाय लांब करून वाळलेल्या मिरच्यांचे देठ काढत होती. आमच्या मागे गाडी नाही हे तिने बघितलं. मला वाटलं आता विचारेल, काय झालं, भाव पटला नाही का. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. नाना पायरीशी चप्पल काढत होते, त्यांना तिने विचारलं,

“पहिले जेवनात का पहिले गाडी देखी?”

नाना एका पायात चप्पल घेऊन उभे राहिले.

“पहिले गाडी देखी,” ते म्हणाले.

“जामनेरले पहिले जेवनात,” आई म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, ना राग, ना टोमणा. ती त्या दिवशी तिथेच होती, चुलीपाशी, भावजयीच्या शेजारी. आतून तिला सगळं दिसत होतं, नाना गाडीवर चक्कर मारून आले तेव्हा त्यांचं तोंड कसं झालं होतं तेसुद्धा. हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या संध्याकाळी ती एवढंच बोलली.

नाना खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि सुपातल्या मूठभर मिरच्या घेऊन देठ काढायला लागले.  मिरचीचा हात डोळ्याला लागला असं म्हणून त्यांनी दोनदा उपरण्याने डोळे पुसले. मी दारात उभी होते, सकाळी इथेच ठेवून गेलेल्या लसीच्या डब्याचा पट्टा हातात धरून, तो तिथे कशाला घेतला होता कोण जाणे.

आईने देठांचा ढीग एका बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं.

“दुसरी देख,” ती म्हणाली. “मी बठसू.”